सातवीची बर्फपेटी: 'उष्णता' हा धडा डिझाइनमधून शिकवताना

२०२४-२५ या वर्षात मी सातवीच्या विज्ञानातला 'उष्णता' हा नववा धडा डिझाइनच्या कामातून, म्हणजे बर्फ टिकवणारी पेटी मुलांकडून करून घेत, शिकवला. शिक्षकांच्या ग्रुपवर त्याचे फोटो गेल्यापासून तेच प्रश्न येतायत. वेळ कुठून काढलास, पैसे कोणी दिले, साहेब आले तेव्हा काय दाखवलंस? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा घडलं तसं लिहून काढते.

आधी माझ्या डोक्यात डिझाइन म्हणजे काय होतं ते सांगते. कुणाची तरी खरी अडचण घ्यायची. अटी ठरवायच्या. कागदावर आराखडा काढायचा. हाताशी असलेल्या वस्तूंतून नमुना करायचा, तो मोजमाप घेऊन तपासायचा आणि जे दिसलं त्यावरून पुन्हा करायचा. आपल्याकडे अडतं ते या 'पुन्हा'पाशी. शाळेतला प्रकल्प म्हणजे बाबांनी रात्री जागून केलेला ज्वालामुखी. एकदा प्रदर्शनात मांडला की कपाटावर जाऊन बसतो, तो चालला की नाही हे कुणी विचारत नाही. मला दुसरी फेरी हवी होती. बाकी सगळी धडपड तिच्यासाठी वेळ राखून ठेवण्याची होती.

ही कल्पना माझी नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं याच वयाच्या मुलांबरोबर पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्या असे डिझाइनचे घटक घेऊन पाहिले आहेत, त्यात ग्रामीण मराठी माध्यमाची मुलंही होती. पाबळच्या विज्ञान आश्रमात तर १९८३ पासून हातानं करत शिकणं चालू आहे. मला प्रश्न होता तो एवढाच, की जिल्हा परिषदेच्या शाळेत, ठरलेल्या तासिकांत, पुस्तक पुरं करत हे बसवायचं कसं.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातली, पहिली ते सातवी, पट दीडशेच्या वर. सातवीत ३४ मुलं. प्रयोगशाळा नाही, एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात विज्ञानाची पेटी.

१५ जूनला शाळा भरली आणि वार्षिक नियोजन लिहायला बसले, तेव्हाच पहिलं काम करून टाकलं. सातवीच्या विज्ञानाच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना काय काय यायला हवं याची यादी, काढून वाचल्या. त्यांत दोन वाक्यं आपल्या कामाची आहेत. परिसरातल्या साहित्यातून प्रतिकृती तयार करून तिचं कार्य सांगणं, ही एक. उपलब्ध साधनांचा वापर करून नियोजन व रचना करताना सर्जनशीलता दाखवणं, ही दुसरी. वर्षानुवर्षं आपण या दोन ओळी शेवटी आहेत म्हणून सोडून देतो. मी त्या टाचणात, म्हणजे पाठाच्या नियोजनात, पहिल्या लिहिल्या. नवा विषय आणते असं न म्हणता 'या निष्पत्तीसाठी हा धडा असा घेणार' असं म्हटलं की मुख्याध्यापकांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत कुणालाच नाही म्हणायला जागा राहत नाही. आमच्या सरांनी विचारलं ते एवढंच, "मॅडम, पोर्शन?" मी म्हटलं, धडा वगळत नाही, त्याच तासिकांत घेतेय. जास्तीचा वेळ लागला तर आनंददायी शनिवार आहे, कृती आणि उपक्रमांसाठी राखलेला. मार्च २०२४ मध्ये आलेल्या त्या उपक्रमाचा मला सगळ्यात मोठा उपयोग हाच झाला.

धडा निवडताना 'भौतिक राशींचे मापन' आणि 'ध्वनी' हेही डोक्यात होते. उष्णता निवडली, कारण तिथे मोजता येतं. दिसायला छान आणि मोजायला काही नाही, असं काम डिझाइनसाठी घेऊ नका. मग निकाल टाळ्यांवर लागतो.

खरी अडचण ऑगस्टमध्ये मिळाली. अंगणवाडीत लसीकरणासाठी आरोग्यसेविका निळी पेटी घेऊन येतात. त्यांना मी वर्गात दहा मिनिटं मागितली, त्या अर्धा तास थांबल्या. पेटीत चार बर्फाचे पॅक असतात, लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, हे त्यांनी सांगितलं. मग एक गोष्ट सांगितली ती मलाही माहीत नव्हती. पॅक फ्रीझरमधून काढून लगेच पेटीत ठेवत नाहीत. त्याला बाहेरून घाम फुटू देतात, हलवल्यावर आत पाणी वाजायला लागलं की मग ठेवतात, कारण काही लसी गोठल्या तर निकामी होतात. मुलांना वाटत होतं, जेवढं गार तेवढं चांगलं. एका मुलीनं विचारलं, "मग पेटी सारखी उघडायला लागते, तेव्हा गारवा जात नाही का?" आमच्या कामातली एक अट त्या प्रश्नातून आली. पाहुणे बोलवायचे असतील तर भाषणाला बोलवू नका, त्यांचं सामान घेऊन बोलवा.

बेत होता दिवाळीनंतर सुरू करायचा. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, प्रशिक्षणं सुरू झाली, २० नोव्हेंबरला मतदान. आमची शाळा मतदान केंद्र, म्हणजे वर्ग मोकळे करून द्यायचे, सामान ठेवायचा प्रश्नच नाही. शिक्षक ड्युटीवर. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांना अधिक सांगायला नको. नियोजनात असा महिनाभर गळून पडणारच, हे धरून चाला आणि मोठं काम निवडणुका, जनगणना, सर्वेक्षण यांच्या पलीकडे ढकला.

डिसेंबरमध्ये बसलो. प्रश्न असा मांडला: २०० मिली पाणी गोठवलेली स्टीलची डबी तीन तास ठेवायची, कमीत कमी बर्फ वितळला पाहिजे. अटी मुलांशी भांडून ठरल्या. पेटी बाहेरून कुठल्याही बाजूला २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. खर्च ३० रुपयांच्या आत. एका हातानं उचलता यावी. दर तासाला तीस आकडे मोजेपर्यंत झाकण उघडं ठेवायचं, सिस्टर उघडतात तसं. नवीन थर्माकोल विकत आणायचं नाही, टीव्हीच्या खोक्यातलं पडलेलं असेल तर चालेल. गुण कशाला किती, हेही मुलांनी ठरवलं: निम्मे गुण बर्फाला, उरलेले खर्च, वजन आणि उघडझाप यांना. यात दोन तासिका गेल्या. मला आधी वाटलं होतं अर्ध्या तासात होईल, पण हा वेळ वाया गेला असं अजिबात वाटत नाही. अटी त्यांच्या असल्यामुळे पुढे 'मॅडमनी आम्हाला कमी दिले' ही तक्रार आली नाही.

आराखड्यासाठी वेगळी वही लागली नाही. त्या वर्षी पुस्तकं चार भागांची होती आणि पाठांमागे नोंदीसाठी कोरी पानं होती. (जानेवारीत ती पानं पुढच्या वर्षापासून बंद करण्याचा निर्णय झाला. माझ्या मुलांनी तोवर ती पेटीच्या चित्रांनी भरून टाकली होती.) नियम एकच: चित्रात प्रत्येक थराचं नाव, जाडी सेंटिमीटरमध्ये, आणि हा थर इथे का, याचं एक वाक्य. ते 'का' लिहून घेताना वहन, अभिसरण, प्रारण हे उष्णता इकडून तिकडे जाण्याच्या प्रकारांचे तिन्ही शब्द आपोआप पुस्तकातून बाहेर आले. "चंदेरी कागद कशाला?" "चांगला दिसतो म्हणून" हे उत्तर चालत नव्हतं. मग पुस्तकातला थर्मास फ्लास्क मुलं स्वतःहून उघडून बघायला लागली.

थर्मासचं चित्र मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आले, त्यात एवढा रस कधी कुणी घेतला नव्हता.

साहित्य गावातलंच. कडब्याचा भुसा, सुताराकडचा लाकडी भुसा, गोणपाट, रद्दी, पुठ्ठे, चिप्सच्या पाकिटांची आतली चंदेरी बाजू, चिकटवायला पिठाची खळ. एका मुलीनं आजीच्या फाटक्या वाकळेचे तुकडे आणले आणि वर्गात वाद पेटला. "वाकळेत गुंडाळलं तर ऊब लागून लवकर वितळेल!" हात वर करायला सांगितले, बहुतेक वर्ग त्या बाजूनं. मी उत्तर दिलं नाही. हा गैरसमज विज्ञान शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल: मुलांच्या मते वाकळ, स्वेटर यांत स्वतःची उष्णता असते. 'दुर्वाहक' ही व्याख्या पाठ करूनही तो तसाच शाबूत राहतो.

गटांत एक गोष्ट पहिल्याच शनिवारी दिसली. कात्री आणि सुरी मुलांकडे, लिहायचं काम मुलींकडे. कुणी सांगितलं नव्हतं. मी दर वीस मिनिटांनी कामं फिरवायला लावली. थोडी कुरकुर झाली, मग सवय झाली.

पहिली चाचणी जानेवारीत. शनिवारी शाळा सकाळची, ऊन नसतं, म्हणून बांधणी शनिवारी आणि चाचणी इतर दिवशी ११ ते २ ठेवली. डब्या किराणा दुकानाच्या डीप फ्रीझरमध्ये आदल्या दिवशी ठेवल्या, दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत. घरोघरच्या फ्रीजवर भिस्त ठेवू नका, वीज जाते आणि एखाद्या गटाचा बर्फ अर्धाच गोठतो. सगळ्या पेट्या व्हरांड्यात एका रांगेत, सावलीत. शेजारी एक उघडी डबी, तुलनेसाठी. तिन्ही तास आम्ही बर्फ बघत बसलो नाही, इतर विषयांचे तास चालू होते. दर तासाला प्रत्येक गटातले दोघं जाऊन झाकण उघडून, मोजून, तापमान लिहून परत येत. बाकीच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवलं होतं.

वितळलेलं पाणी मापनपात्रात ओतायचं, किती मिली भरतं ते लिहायचं. तराजू लागत नाही. उघड्या डबीत १७५ मिली पाणी झालं. टाकाऊ थर्माकोलच्या पेटीत ९०, लाकडी भुशात १०५, वाकळेत ११०. वाकळेचा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा जो गलका झाला तो शेजारच्या वर्गात ऐकू गेला. रद्दी आणि कडब्याच्या पेट्या त्याच्या थोड्या मागे. ओल्या गोणपाटाचा गट सगळ्यात मागे, १५० मिली. त्यांचं म्हणणं साधं होतं: माठ गार राहतो तो पाझरतो म्हणून, तर डबीलाही ओलं गोणपाट गुंडाळू. चेहरे पडले. मी पुढच्या तासिकेत तोच मुद्दा घेतला. माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थोडं गार होतं, आपला बर्फ तर शून्य अंशावर आहे. ओलं कापड डबीला चिकटलं की बाहेरची उष्णता त्यातून पटकन आत शिरते, कारण तंतूंमधल्या हवेची जागा पाण्यानं घेतलेली असते.

भुशाच्या गटाला वेगळंच सापडलं. पेटी उघडली तर डबीभोवतीचा भुसा भिजलेला. डबी गळत नव्हती. हवेतली वाफ थंड स्टीलवर जमून पाणी झालं होतं, तोच सिस्टरांनी सांगितलेला घाम. तेव्हा त्यांना मी बर्फाच्या जहाजाची गोष्ट सांगितली: १८३३ साली बोस्टनहून टस्कनी नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या, भुशात बांधलेल्या. मुलांचा पहिला प्रश्न, "पाणी कुठं जायचं मग?" हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आणि तासिका संपवली.

इथे थांबायचा मोह फार होतो. फोटो झालेत, आकडे झालेत, धड्याखालचा स्वाध्यायही होतो. पण आत्तापर्यंतचं सगळं दुसऱ्या फेरीची तयारी आहे. वेळ कमी असेल तर पहिल्या पेट्या आणखी साध्या करा, रंगरंगोटीला मनाई करा, पण दुसरी फेरी कापू नका. मला त्या वर्षी एक आयता दिलासा मिळाला. वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशी ठरली, त्यामुळे मार्च बऱ्यापैकी मोकळा मिळाला. शिक्षकांची त्या वेळापत्रकावर नाराजी होती, माझीही होती, पण बर्फाला ते मानवलं.

मार्चमध्ये दुपारी व्हरांड्यात ३७ अंश. जानेवारीपेक्षा कितीतरी अवघड परीक्षा. प्रत्येक गटाला आराखड्यात जास्तीत जास्त दोनच बदल करायची मुभा दिली, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. भुशाच्या गटानं डबी आधी दुधाच्या पिशवीत घातली आणि भिंत ३ सेंटिमीटरवरून ५ केली. भिंत जाड केली की आतली जागा आणि डबीचं माप यांची ओढाताण होते, तिथे त्यांना २५ सेंटिमीटरची अट पहिल्यांदा बोचली. ८० मिली. ऊन वाढूनही पाणी कमी. वाकळवाल्यांनी बाजूचं दार बंद करून झाकण वर केलं, कारण गार हवा जड असते, बाजूनं उघडलं की ओघळून जाते.

आणि ओल्या गोणपाटाचा गट. त्यांनी कल्पना सोडली नव्हती, जागा बदलली होती. आत दुधाची पिशवी, मग कोरडा भुसा, मग पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक आणि सगळ्यात बाहेर ओलं गोणपाट. म्हणजे माठाचं काम पेटीच्या बाहेरच्या अंगाला. गोणपाटाला थर्मामीटर लावला तर २३ अंश, शेजारी हवा ३७. पेटीला जणू जानेवारीपेक्षाही गार हवेत ठेवलं होतं. पाणी ६५ मिली, सगळ्यांत कमी. पण दर अर्ध्या तासाला शिंपडावं लागलं आणि पेटी जड झाली, म्हणून वजनात गुण गेले आणि एकूण बेरजेत भुशाचा गट अर्ध्या गुणानं वर राहिला. यावर जेवणाच्या सुट्टीत जे भांडण झालं ते मी मुद्दाम मिटवलं नाही. हा गट मला म्हणाला, "उन्हाळ्यात आमची बेस्ट, हे लिहा तरी." लिहिलं. कोकणातल्या कुणी हे करणार असाल तर दमट हवेत ही युक्ती एवढी चालणार नाही, तिथे मुलांना तेच शोधायला लावा.

आता गुणनोंदीचं. सातवीला आकारिक (वर्षभरातल्या कामाचे) ४०, संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) ६०. आकारिकच्या तक्त्यात मी हे काम तीन रकान्यांत विभागलं: चाचणीची मोजमापं प्रात्यक्षिकात, दोन्ही फेऱ्यांचे आराखडे प्रकल्पात, 'हा बदल का केला' हे तोंडीकामात. पेटी किती चालली याला आकारिकमध्ये एकही गुण ठेवला नाही, तो हिशोब वर्गाच्या स्पर्धेपुरता. नाहीतर मुलं पहिल्या फेरीत धोका पत्करत नाहीत. शाळाभेटीला अधिकारी आले तेव्हा प्रतिकृती बघायला मागितल्या. मोडक्या, खळीनं माखलेल्या पेट्या बघून ते जरा गोंधळले. मग मी पुस्तकाची पानं पुढे केली, पहिला आराखडा आणि दुसरा शेजारी शेजारी, खाली आकडे. शेरेबुकात चांगलं लिहून गेले. पेट्या टाकून दिल्या तरी चालेल, पण दोन आराखडे आणि दोन आकडे जपून ठेवा.

खर्च सगळा मिळून सातशेच्या आत. त्यात सगळ्यात मोठी रक्कम सोलापूरहून आणलेल्या दोन थर्मामीटरची, साधारण १४० रुपयांना एक. लाल अल्कोहोलचेच घ्या, पारा मुलांच्या हातात नको. पैसे आधी मी घातले. आमच्या पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान ५० हजार असतं, पण ते हातात येतं तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं, त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर जातो आणि बाकीच्यावर वीजबिल, दुरुस्ती, रंग सगळ्यांचा हक्क. शाळा व्यवस्थापन समितीच्या सप्टेंबरच्या सभेत 'विज्ञान साहित्य' असा ठराव घालून घेतला होता, म्हणून मार्चअखेर पावत्यांचे पैसे मिळाले. पावती शाळेच्या नावाची आणि पक्की हवी. सुतळी आणि पिठाची पावती कोण देणार, ते पैसे सोडून दिले.

२०२५ च्या पावसाळ्यात इन्स्पायर मानकला, म्हणजे शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेला, कल्पना पाठवली. एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झाली तर विद्यार्थ्याच्या खात्यावर नमुना करण्यासाठी १० हजार रुपये थेट येतात. आमची सातवी पुढच्या शाळेत आठवीला गेली, म्हणून अर्ज त्या शाळेच्या लॉगिनमधून करावा लागला. तिथल्या विज्ञानाच्या सरांना आराखड्यांचे फोटो दिले, त्यांनी मनापासून केलं. अर्ज भरताना शाळेची एकदाची नोंदणी आधी झालेली असावी लागते, ती शेवटच्या आठवड्यात करायला गेलात तर पोर्टल साथ देत नाही. त्याहून जास्त वेळ बँक खात्यात गेला. ओल्या गोणपाटाच्या गटातल्या ज्या मुलीचं नाव दिलं तिचं खातं होतं, पण आधारवरचं आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं स्पेलिंग जुळत नव्हतं. तिच्या वडिलांना मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागलं, एकदा सर्व्हर बंद म्हणून परतही यावं लागलं. हे काम जूनमध्येच उरकून घ्या, कल्पना सुचायची वाट बघू नका.

अर्ज जिल्ह्याकडून पुढे गेल्याचं पोर्टलवर दिसतंय, निवड अजून कळलेली नाही. मुलीचा गट दरम्यान तिसऱ्या आराखड्यावर आलाय: पाणी शिंपडायला माणूस नको म्हणून पेटीवर सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगायची, थेंब किती वेगानं पडावा ते मोजणं चालू आहे.